नव्या संस्थेनं माणसं कशी जोडावीत : सुरुवात तालुक्यापासून

संस्था नोंदवून झाली, धर्मादाय कार्यालयातून प्रमाणपत्र हातात आलं, की पुढच्या बैठकीतला पहिला विषय ठरलेला असतो : देणगीदार कुठून आणायचे? मग कुणाचा मेहुणा कंपनीत आहे, कुणाची रोटरीत ओळख आहे, अशी यादी सुरू होते. ओळखी वाढवायच्या म्हणजे पैसेवाल्यांच्या, हे सगळे गृहीतच धरतात. मला ही सुरुवात चुकीच्या टोकानं झालेली वाटते.

समजा तुम्ही वस्तीत अभ्यासिका चालवता. सहावीतली एक मुलगी बरेच दिवस आली नाही म्हणून तिच्या घरी जाता. तिथं कळतं की बाप दारू पिऊन आईला मारतो, आई माहेरी निघून गेलीय आणि चार वर्षांच्या धाकट्या भावाच्या हृदयाला छिद्र असल्याचं डॉक्टरांनी सांगितलंय. तुमच्याकडे फळा आहे, पुस्तकं आहेत, शिकवणाऱ्या दोन ताई आहेत. या घराला बाकी जे लागणार आहे ते तुमच्याकडे नाही. पण त्यातलं बरंचसं तुमच्याच तालुक्यात किंवा जिल्ह्याच्या गावी कुणाकडे तरी आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी पैसेही पडत नाहीत. फक्त कुणाकडे, कोणत्या दिवशी, कोणते कागद घेऊन जायचं, हे माहीत असायला हवं. नव्या संस्थेनं संपर्क वाढवायचे ते आधी यासाठी. दारात आलेल्या माणसाला आपल्याला जमत नसलं तरी नेमका पुढचा पत्ता देता आला, की संस्थेवर विश्वास बसतो. पैसा त्या विश्वासामागून येतो आणि तो जास्त टिकतो.

हा लेख पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या संस्थांसाठी आहे. पाच-दहा माणसं, पूर्णवेळ पगारी कुणी नाही, काम एखाद्या वस्तीत किंवा चार-पाच गावांत.

एकट्यानं न होणारं काम

पायऱ्यांकडे वळण्याआधी महाराष्ट्रातली तीन उदाहरणं सांगतो, कारण "आपलं काम बरं, आपण बरे" असं म्हणणारा एक तरी सभासद प्रत्येक संस्थेत असतो आणि त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नसतं.

पहिलं उदाहरण बालमृत्यूंचं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था गावातल्या प्रत्येक बाळाच्या जन्माची आणि मृत्यूची नोंद ठेवत होती. सरकारी आकड्यांपेक्षा प्रत्यक्षातले मृत्यू कितीतरी जास्त आहेत हे त्यांना दिसत होतं. पण एका जिल्ह्यातल्या एका संस्थेचे आकडे म्हटल्यावर "तो भागच तसा आहे" असं म्हणून बाजूला सारता येतात. मग राज्याच्या वेगवेगळ्या भागांत काम करणाऱ्या तेरा संस्था एकत्र आल्या. त्यांनी आपापल्या गावांत आणि वस्त्यांत एकाच पद्धतीनं नोंदी केल्या आणि २००१ मध्ये राज्याचं चित्र मांडलं. पुढे सरकारला बालमृत्यूंवर समिती नेमावी लागली. या संस्थांनी इमारत उभारली नाही की मोठा निधी गोळा केला नाही. नोंद करण्याची पद्धत एक ठेवली, एवढ्यानंच त्यांच्या आकड्यांना वजन आलं.

दुसरं किल्लारीचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या सरकारी कार्यक्रमात प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग'नं गावोगावच्या बायकांना पुढे आणलं. संवाद सहायक म्हणून त्या घरोघरी जाऊन योजना समजावून सांगत, बांधकामावर लक्ष ठेवत. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा यांतल्याच काही बायका गुजरातला गेल्या आणि तिथल्या बायकांशी बोलल्या. घर पडल्यावर सरकारी कागदांच्या वाटेला कसं लागायचं, हे स्वतःचं घर पडलेल्या बाईनं सांगितलेलं जास्त पटतं. संस्था-संस्थांच्या ओळखीतून लोकांची लोकांशी अशी गाठ पडते तेव्हा त्या ओळखीचं चीज होतं, असं मी मानतो.

तिसरं अलीकडचं, बहुतेकांच्या आठवणीतलं. कोरोनात नवरा गेलेल्या बायकांसाठी २०२१ मध्ये हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकारानं कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी राहिली. तालुक्यातालुक्यातल्या छोट्या संस्था आणि कार्यकर्ते तिच्यात आले आणि प्रत्येकानं आपापल्या भागातल्या बायकांच्या याद्या केल्या. त्याच वर्षी सरकारनं 'मिशन वात्सल्य' आणलं, तालुका पातळीवर समित्या नेमल्या. संजय गांधी निराधार योजना, मुलांसाठी बालसंगोपन योजना, वारसनोंद ही कामं एका टेबलाशी आणण्याचा तो प्रयत्न होता. कुठे तो चांगला चालला, कुठे कागदावरच राहिला. जिथे चालला तिथे तहसील कार्यालयात नियमानं जाऊन बसणारं संस्थेचं माणूस होतं, हे मी जवळून पाहिलं आहे.

पायरी १ : आपण कोण, हे दोन वाक्यांत सांगता येऊ द्या

"आम्ही महिला, बालक, पर्यावरण, आरोग्य आणि शेती क्षेत्रात कार्यरत आहोत" असं सांगितलं तर समोरच्याच्या डोक्यात काहीच राहत नाही. नोंदणीच्या वेळी घटनेत सगळी उद्दिष्टं घातलेली असतात ते ठीक, पण ओळख करून देताना प्रत्यक्ष चाललेलं कामच सांगा. "स्टेशनामागच्या वस्तीत पाचवी ते आठवीच्या मुलांची संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. शाळा मध्येच सोडलेली मुलं परत शाळेत घालतो." बस, एवढंच. याच्या जोडीला आपण काय करत नाही तेही ठरवून ठेवा : वसतिगृह चालवत नाही, रोख मदत देत नाही. त्यानं चुकीच्या अपेक्षा टळतात.

कागदांची एक फाइल आणि तिचीच स्कॅन प्रत मोबाइलमध्ये ठेवा. नोंदणी प्रमाणपत्र, घटना किंवा न्यासपत्र, पॅन, विश्वस्तांची ताजी यादी, लेखापरीक्षण अहवाल, आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नावरच्या करसवलतीसाठी) आणि ८०जी (देणगीदाराच्या करसवलतीसाठी) प्रमाणपत्रं मिळाली असतील तर ती, आणि स्वयंसेवी संस्थांच्या नोंदीसाठी असलेल्या नीती आयोगाच्या 'दर्पण' पोर्टलवरचा क्रमांक. विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल केला आहे का ते पाहा. दुसरी संस्था तुमच्याबरोबर काम करायचं ठरवते तेव्हा तिचा सीए पहिल्यांदा इथेच बोट ठेवतो.

पायरी २ : माणसांची नोंदवही

एक जाड वही घ्या किंवा साधी एक्सेल शीट करा. प्रत्येक नोंदीत नाव, पद, कार्यालय किंवा संस्था, फोन, भेटण्याची वेळ, त्यांच्याकडून काय मिळू शकतं, त्यासाठी कोणते कागद लागतात, आणि शेवटचं बोलणं कधी झालं. शेवटचे दोन रकाने सगळ्यात महत्त्वाचे आणि सगळ्यात आधी वगळले जातात.

सुरुवात सरकारी यंत्रणेपासून करा. नव्या संस्था इथे बिचकतात, पण काम अडतं ते बहुतेक याच लोकांशी ओळख नसल्यामुळे. तालुक्याला एकात्मिक बालविकास योजनेचे प्रकल्प अधिकारी असतात, अंगणवाड्या त्यांच्याकडे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली नेमलेले संरक्षण अधिकारी असतात. जिल्ह्याला बालकल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि हिंसा सोसणाऱ्या बायकांना एकाच जागी मदत देणारं सखी वन स्टॉप सेंटर असतं. तालुका न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समिती बसते. तिथे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि हे ठाऊक नसलेल्या संस्था मला सतत भेटतात. अनेक ठिकाणी पोलीस यंत्रणेतच महिला व मुलांसाठी विशेष सहाय्य कक्ष चालतो. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांबरोबर पहिला कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजसेविका पोलिसांच्या आवारात बसेल, ही तेव्हा नवी गोष्ट होती. आज राज्यभर पसरलेली ही सोय मुळात एका शिक्षणसंस्थेच्या आणि पोलिसांच्या एकत्र येण्यातून आली आहे.

त्यानंतर रुग्णालयं. सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र', म्हणजे रुग्णाला योजनेची वाट दाखवणारा माणूस, बसलेला असतो. या दोन माणसांची नावं तुमच्या वहीत हवीतच.

मग आशाताई, अंगणवाडीसेविका, मुख्याध्यापक, 'उमेद' या सरकारी अभियानातल्या बचत गटांचे ग्रामसंघ आणि प्रभागसंघ, 'माविम'ची (महिला आर्थिक विकास महामंडळ) लोकसंचालित साधन केंद्रं. शेवटी गावातली जुनी मंडळं : सार्वजनिक वाचनालय, ज्येष्ठ नागरिक संघ, गणेशोत्सव मंडळ, भजनी मंडळ, पतसंस्था. यांना कमी लेखू नका. पूर आला की बोटी, ट्रॅक्टर, शंभर माणसांचं जेवण आणि रात्री उघडणारी शाळा या मंडळांच्या एका फोनवर मिळते. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरात बाहेरून आलेली मदत रस्त्याकडेच्या गावांत आधी उतरत होती. आतल्या गावांची खबर स्थानिक तरुण मंडळांकडेच होती.

पायरी ३ : पहिली भेट

फोन करून वेळ घ्या. जाताना दोघं जा, जास्त नको. पुष्पगुच्छ आणि शाल नको, फोटोही पहिल्या भेटीत नको. आणि पैशाचा विषय काढूच नका, समोरची संस्था कितीही मोठी असली तरी.

विचारायचं एवढंच : "मॅडम, आमच्या वस्तीतून अशा अडचणीतल्या बायका येतात. तुमच्याकडे पाठवायचं झालं तर कोणत्या दिवशी पाठवू? बरोबर काय काय द्यायला सांगू? आणि कोणत्या बाबतीत तुमच्याकडे पाठवून उपयोग नाही?" या शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस खुलतो. कारण त्यांच्याकडे रोज चुकीच्या टेबलावर आलेली माणसं येतात आणि त्यांना परत पाठवणं त्यांनाही नको असतं. मग स्वतःकडचं सांगा : "तुमच्या कामात वस्तीतला निरोप पोचवायला, कागद गोळा करायला, कुणाचं घर शोधायला माणूस लागला तर आम्हाला सांगा." सरकारी यंत्रणेकडे योजना असतात, पण घरापर्यंत जाणारी पावलं कमी असतात. ती पावलं तुमच्याकडे आहेत. देवाणघेवाण तिथून सुरू होते.

बाहेर पडल्यावर चहा घेता घेता नोंदवहीत लिहून काढा. घरी जाऊन लिहू म्हटलं की निम्मं विसरतं.

पायरी ४ : माणूस पाठवणं, आणि मागे उभं राहणं

सगळ्या लेखात मला सर्वांत जास्त या पायरीवर थांबायचं आहे.

वर म्हटलेल्या चार वर्षांच्या मुलाचंच घ्या. "जिल्हा रुग्णालयात जा, तिथे फुकट होतं" असं सांगणं म्हणजे त्या बापाला रांगेत उभं करून सोडून देणं. त्याऐवजी वाट अशी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुलं तपासतात. त्या पथकाचे डॉक्टर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात भेटतात. तुमची अंगणवाडीसेविकेशी ओळख असेल तर ती त्यांचा नंबर देते. पथक मुलाला याच कार्यक्रमाच्या जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतं, तिथून हृदयाची टू-डी इको तपासणी ठरते आणि शस्त्रक्रियेची गरज असेल तर जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात नाव जातं. रेशनकार्ड, मुलाचं आधार, आईवडिलांचं आधार, अंगणवाडीतली नोंद हे कागद आधीच तपासून घ्यायचे. रेशनकार्डात मुलाचं नावच चढवलेलं नसतं, असं पुष्कळ घरांत दिसतं, आणि ऐन वेळी तिथे गाडी अडते. मग तहसीलच्या पुरवठा शाखेतली तुमची ओळख कामाला येते.

योजनेत न बसणारा आजार असेल तर धर्मादाय रुग्णालयांचा रस्ता आहे. धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. ही मेहेरबानी नाही, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातली तरतूद आणि उच्च न्यायालयानं मान्य केलेली योजना आहे. रुग्ण दाखल व्हायच्या आधी किंवा दाखल होतानाच समाजसेवकाला भेटायचं, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला बरोबर ठेवायचा. बिल झाल्यावर सवलत मागायला गेलं की सगळंच अवघड होतं.

पाठवताना चिठ्ठी द्या. गावातल्या प्रेसमध्ये पावतीपुस्तकासारखं कार्बन प्रतीचं पुस्तक छापून मिळतं, खर्च फारसा नाही. वरच्या अर्ध्या भागात रुग्णाचं किंवा व्यक्तीचं नाव, गाव, काय हवंय, कुणाकडे पाठवलं, तारीख आणि तुमचा फोन. खालच्या अर्ध्या भागात "काय झालं" एवढंच, ते समोरच्यानं भरून परत द्यायचं. सगळे भरून देणार नाहीत, पण चिठ्ठी पाहून फोन करतील. पहिल्या वेळी तुमचं माणूस बरोबर जाऊ द्या. दुसऱ्या वेळी चिठ्ठी पुरते.

एक अपवाद मात्र काटेकोर पाळा. घरात मारहाण होत असलेल्या बाईच्या हातात असली चिठ्ठी देऊ नका. ती पर्समध्ये किंवा ब्लाउजच्या आत सापडली तर त्या रात्रीचा मार वाढतो. तिला नाव आणि जागा तोंडी सांगा, १८१ हा महिलांचा मदत क्रमांक तिच्याकडून पाठ करून घ्या, आणि तिच्या सोयीच्या वेळी तुमच्यातली एखादी ताई बरोबर जाऊ द्या. मुलांसाठी १०९८ आहेच.

काम झालं की पाठवलेल्या जागी कळवा. "मुलाचं ऑपरेशन झालं, परवा घरी आणलं, जेवतोय" एवढा फोन आरोग्यमित्राला करा. त्यांच्यासमोरून रोज कितीतरी फाइली जातात, पण फाइलीतल्या माणसाचं पुढे काय झालं हे त्यांना क्वचितच कळतं. या एका फोननं जेवढी ओळख घट्ट होते तेवढी दहा सत्कारांनी होत नाही. आणि काम झालं नाही तरीही कळवा, तक्रारीच्या सुरात नको. "कागद कमी पडला म्हणाले, पुढच्या वेळी आम्ही काय पाहून पाठवू?" असं विचारा.

पायरी ५ : महिन्याची बैठक

पाच-सहा जणांशी अशी देवाणघेवाण सुरू झाली की सगळ्यांना एकत्र बोलवायची वेळ येते. घाई करू नका. आधी एकेकट्याच्या ओळखी पक्क्या होऊ द्या, नाहीतर पहिल्या बैठकीला चाळीस आणि तिसऱ्या बैठकीला चारच माणसं येतात.

बैठकीची जागा कुणा एका संस्थेची नको. वाचनालयाचा हॉल, शाळेचा वर्ग, ग्रामपंचायतीची खोली चालेल. वार ठरवताना सरकारी कार्यालयांना शनिवारी सुट्टी असते आणि नोकरी करणारे स्वयंसेवक शनिवारीच मोकळे असतात, ही ओढाताण आहे. एक महिना शनिवार आणि एक महिना आठवड्यातला संध्याकाळचा वार, असं करून पाहा. दीड तास पुरे. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, मान्यवरांचं मनोगत यांना फाटा द्या.

प्रत्येकानं अडलेलं एक काम घेऊन यायचं, बस. "आमच्याकडची एक आजी एकटी राहते, पेन्शनचा अर्ज दोनदा परत आलाय." मग टेबलाभोवतीचं कुणीतरी म्हणतं, "हयातीचा दाखला कुणी दिलाय? तलाठ्याकडून आणा, मी बोलतो." बैठकीचं सार्थक त्या एका वाक्यात होतं. शेवटी कुणी काय करायचं ते फळ्यावर लिहा, फळ्याचा फोटो ग्रुपवर टाका. पुढच्या बैठकीची सुरुवात त्या फोटोनं करा. यजमानपद आणि बैठक चालवण्याची जबाबदारी दर वेळी बदला.

व्हॉट्सअॅप ग्रुप लागणारच. त्याचे नियम पहिल्या दिवशीच ठरवा : सुप्रभात नको, राजकीय पोस्ट नको, आणि ज्या माणसाला मदत हवी त्याचं नाव, फोटो, आजार किंवा पत्ता ग्रुपवर कधीही नको. "गावात एका नऊ वर्षांच्या मुलीला मदत हवी, कोण बोलेल?" एवढंच लिहा, बाकी फोनवर. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पण कायद्याचं सोडा, लहान गावात "शिवणकाम करणाऱ्या बाईंची थोरली मुलगी" एवढ्यावरून घर कळतं. एड्सग्रस्त, मनोरुग्ण, हिंसाग्रस्त कुणाचीही माहिती दुसऱ्या संस्थेला देण्याआधी त्या माणसाला विचारा आणि तो नाही म्हणाला तर थांबा.

पायरी ६ : तालुक्याबाहेर

हे वर्षभरानंतर केलं तरी चालेल.

तुमच्या विषयाचं राज्यभराचं जाळं शोधा. आरोग्यात जन आरोग्य अभियान आहे, शेतकरी स्त्रियांच्या प्रश्नांवर महिला किसान अधिकार मंच, देशपातळीवर स्वयंसेवी संस्थांचा 'वाणी' हा मंच. यांच्या बैठकांना जाताना तुमच्या भागातलं एक नेमकं निरीक्षण घेऊन जा. "आमच्या सात गावांत ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं दिवाळीनंतर शाळेच्या पटावर असतात, वर्गात नसतात" हे ऐकायला सगळे कान टवकारतात, कारण असंच दुसऱ्या जिल्ह्यात कुणाला दिसलेलं असतं.

पुण्यात पितृपक्षात 'देणे समाजाचे' हे प्रदर्शन भरतं. दूरदूरच्या संस्था तिथे टेबल मांडून बसतात आणि लोक त्यांच्याशी बोलून देणगी देतात. 'लोकसत्ता' गणेशोत्सवात 'सर्वकार्येषु सर्वदा' या उपक्रमातून संस्थांची ओळख करून देतो. पहिल्या वर्षी तिथे आपल्याला जागा मिळावी म्हणून धडपडू नका. प्रेक्षक म्हणून जा, आपल्यापेक्षा पाच वर्षं पुढे असलेल्या संस्थेच्या टेबलापाशी उभे राहा, त्या हिशेब कसा दाखवतात, लोक काय विचारतात ते ऐका.

कर्वे समाजसेवा संस्था, निर्मला निकेतन, टाटा समाजविज्ञान संस्था अशा समाजकार्य शिकवणाऱ्या ठिकाणचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी संस्थांत येतात. नव्या संस्थेला ही फार मोठी मदत होऊ शकते, पण त्यांना कपाटं लावायला आणि बॅनर धरायला बसवू नका. वस्तीची पाहणी, जुन्या नोंदींची तपासणी असं पूर्ण करता येईल असं एक काम द्या.

एकत्र पैसा आला की

इथे भावनेपेक्षा कायदा आधी वाचायचा असतो. तीन गोष्टी नव्या संस्थांना ठाऊक असायलाच हव्यात.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. पण तो पैसा (सीएसआर निधी) घेणाऱ्या संस्थेला केंद्र सरकारकडे सीएसआर-१ या अर्जानं केलेली नोंदणी लागते, १२ए आणि ८०जी लागतं, आणि तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे नव्या संस्थेला हा दरवाजा थेट उघडत नाही. जुन्या संस्थेच्या प्रकल्पात एखाद्या भागाचं काम तुम्ही उचलणं हाच सुरुवातीचा मार्ग उरतो, आणि तो वाईट नाही. हिशेब ठेवायची शिस्त तिथे शिकायला मिळते.

परदेशी पैसा मात्र असा पुढे देता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए या विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेली रक्कम एका संस्थेनं दुसरीला देण्यावर बंदी आहे, दुसरीकडे नोंदणी असली तरीही. कुणी मोठ्या संस्थेनं "आमच्याकडे आलेल्या विदेशी निधीतून तुम्हाला देतो" म्हटलं तर नम्रपणे नको म्हणा. अमेरिकेतली किंवा इंग्लंडमधली मराठी मंडळी मदत करू पाहतात तेव्हाही नागरिकत्व विचारून घ्या. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी धरली जात नाही. तोच माणूस तिकडचा नागरिक झाला असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही, त्याची देणगी विदेशी ठरते. अमेरिकेत १९७८ पासून काम करणाऱ्या महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्थांना हे नियम नीट ठाऊक असतात, मित्रमंडळींना ठाऊक नसतात.

तिसरं, दोन संस्थांनी एकत्र काम करायचं ठरलं की कितीही जवळचे असा, दोन पानी करार करा. कोण काय करणार, पैसे कधी आणि कोणत्या खात्यात, बिलं कुणाच्या नावावर, फोटो आणि अहवालात दोघांची नावं कशी येणार, लोकांची माहिती कुणाकडे राहणार, आणि काम मध्येच थांबवायचं झालं तर काय. तुमच्या घटनेतल्या उद्दिष्टांत हे काम बसतं का, तेही सीएला दाखवा.

कुठे सावध राहायचं

श्रेयावरून जेवढी जाळी तुटलेली पाहिली तेवढी पैशावरून नाही. कपडेवाटपाच्या फोटोत एकाच संस्थेचा बॅनर, बातमीत एकाच अध्यक्षांचं नाव, आणि पुढच्या महिन्यात बैठकीला निम्मे गैरहजर. बातमी पाठवायच्या आधी ती सगळ्यांना वाचून दाखवा, एवढा एक नियम ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो.

मोठी संस्था तुमचे स्वयंसेवक हळूहळू आपल्याकडे घेऊ लागली, तुमच्या वस्तीच्या याद्या मागू लागली, तर स्पष्ट बोला. निवडणुकीच्या वर्षात बैठकीला अचानक नवे पाहुणे येऊ लागतात, त्यांचं स्वागत करा, माइक देऊ नका. आणि प्रत्येक मंचावर, प्रत्येक कार्यशाळेला जायचं नसतं. अभ्यासिका बंद ठेवून अभ्यासिकांवरच्या परिषदेला जाणारी संस्था मुलांना परवडत नाही. महिन्यातून दोन बाहेरच्या बैठका, ही मर्यादा पाच-दहा माणसांच्या संस्थेला पुष्कळ आहे.

दर जूनमध्ये

राज्य सरकारी अधिकाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या उन्हाळ्यात होतात. जूनमध्ये नोंदवहीतला प्रत्येक नंबर एकदा फिरवा. जिथे माणूस बदललाय तिथे जुन्या अधिकाऱ्याला विचारा : "तुमच्या जागी आलेल्यांना आमच्याबद्दल एक फोन कराल का?" बहुतेक जण करतात. जुन्यांचा नवा पत्ता त्यांच्याकडूनच लिहून घ्या, कारण ते ज्या तालुक्यात गेलेत तिथलाही कुणी ना कुणी तुमच्या दारात येणार आहे. मग आठवड्याभरात नव्या अधिकाऱ्याला भेटायला जा, दोघं जण, वही घेऊन.